पहिल्या दिवसापासून

त्या वर्षी बीड बायपासला इमारती वर चढत होत्या आणि पाणी खाली खाली जात होतं. दुष्काळात सातव्या मजल्यावर फ्लॅट घ्यायचा, बाल्कनीत झोपाळा टांगायचा आणि मग बादली घेऊन खाली उतरायचं, हा शहाणपणा ज्यांनी केला त्यांना काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. त्यांच्या शिव्या खायला मात्र करुणा होती. बिल्डरनं तिला ऑफिसात टँकरच्या टेबलावर बसवलं होतं. कुठल्या विंगला टँकर कधी, ते तिनं ठरवायचं, आणि टँकर उशिरा आला की तोंडही तिनंच द्यायचं. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता. पेपरात रोज जमिनीच्या भेगांचे फोटो यायचे आणि लोकांना वाटायचं, भेगा या बाईनंच पाडल्यात.

करुणा कुणाला उलट बोलायची नाही. "निघालाय साहेब, वाटेत आहे," एवढंच, तेही खालच्या पट्टीत. नवऱ्याचा आरडाओरडा सोसवेना म्हणून माहेरी आलेली बाई दिवसभर परक्यांचा आरडाओरडा पगारावर ऐकते, याचं तिला स्वतःलाच कधीकधी हसू यायचं. पण हसत बसायला सवड कुणाला होती.

अशातच एका सकाळी टेबलापुढच्या रांगेत तिला सासरे दिसले. सर्जेराव एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण रांग मोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पुढचा माणूस बी विंगच्या पाण्यावरून टेबल बडवत होता आणि म्हातारा त्याच्या मागं टोपी हातात घेऊन गुमान उभा होता. करुणा उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "जय भीम, मामा. तुम्ही कामून उभे राहिले? या ना आत."

ते याआधी दोनदा येऊन गेले होते, तिला परत न्यायला. दोन्ही वेळा तिनं मान हलवून नाही म्हटलं होतं आणि मग रात्री तिला जेवण गेलं नव्हतं. आता तिसऱ्यांदा तेच, असं समजून तिनं मन घट्ट केलं.

"न्यायला नाय आलो," खुर्चीवर टेकता टेकता सर्जेराव म्हणाले. "तुझा कोर्टाचा कागद मुंबईला पोचला, पोरी."

"मुंबईला? माझी केस तर इथं आपल्या फॅमिली कोर्टात हाय."

"तेच सांगायला आलो."

आता हे सगळं नीट सांगायला हवं, नाहीतर कुणाचा पाय कुणाच्या गळ्यात ते कळायचं नाही. राजकुमार म्हणजे करुणाचा नवरा. फौजेत शिपाई होता. नऊ वर्षं नोकरी झाली आणि त्याचं डोकं बिघडलं. झोप उडाली, हात थरथरायला लागले, मोठा आवाज झाला की जमिनीवर झोपायचा. फौजेनं दवाखान्यात ठेवलं, मग डॉक्टरांचं मंडळ बसलं आणि त्याला घरी पाठवलं. नोकरीपायी जायबंदी झालेल्याला अपंगत्वाची पेन्शन असते. याला ती नाकारली. मंडळानं लिहिलं की याचा आजार नोकरीमुळं नाही, घरातल्या भांडणानं झालाय. दहा वर्षं भरायला थोडी कमी पडली म्हणून दुसरी साधी पेन्शनही बसली नाही. एकदाचे थोडे पैसे हातावर ठेवले आणि बाबा, ये आता.

छावणीतले काकासाहेब, निवृत्त सुभेदार, माजी सैनिकांच्या अशा भानगडी निस्तरायचे. त्यांनी खटपट करून मुंबईला सैनिकांच्या न्यायाधिकरणात राजकुमारची केस घातली. म्हणणं सरळ होतं. भरती झाला तेव्हा पोरगा ठणठणीत होता, घरात काही कटकट नव्हती, सीमेवरच्या पोस्टिंगनं त्याचं डोकं गेलं. तेव्हा पेन्शन द्या. केस चांगली चालली होती. आणि गेल्या तारखेला सरकारी वकिलानं करुणाचा घटस्फोटाचा अर्ज पुढं केला. त्यात लिहिलेलं होतं की नवरा लग्नाच्या पहिल्या दिवसापासून दारू पिऊन मारहाण करतो, संशय घेतो, घरात एक दिवस सुख नाही.

"पण त्यांच्या हाती लागला कसा?" करुणानं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला आठवलं. पोरीच्या, आमूच्या, शिष्यवृत्तीसाठी ती सैनिकांच्या ऑफिसात गेली होती. नवऱ्यापासून वेगळी राहते याचा पुरावा मागितला, म्हणून तिनं तिथं त्या अर्जाची झेरॉक्स जोडली होती. तिथून कागदाला पाय फुटले.

सर्जेरावांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "मी तुला दोष द्यायला नाय आलो. मी एकच विचारतो. तो पहिल्या दिवसापासून तसा व्हता का?"

फोन वाजत होता. दारात दुसरा माणूस येऊन उभा राहिला होता, त्याच्या कपाळावरच लिहिलेलं होतं की तो भांडायला आलाय. करुणाला वाटलं, कुणीतरी जोरात ओरडावं म्हणजे उत्तर द्यायचं टळेल. पण नेमकं तेव्हा कुणी ओरडलं नाही.

"नाय, मामा," ती म्हणाली. "नव्हते."

सर्जेराव उठले. ऑफिसातल्या जारमधलं पाणी तिनं पुढं केलं तर त्यांनी अर्धा ग्लासच घेतला आणि उरलेलं परत जारात ओतू का म्हणून विचारलं. तसा माणूस.

ती माहेरी का आली हेही ऐका, म्हणजे उगाच बाईला बोल लावायला नको. फौजेतून आल्यावर राजकुमार भावसिंगपुऱ्यातल्या घरी असायचा. चिडायचा, भांडी फेकायचा, मग कोपऱ्यात बसून रडायचा. करुणानं हे सगळं ओढलं. घरात कुणी आजार हा शब्द काढायचं नाही. डोकं तापट आहे, म्हणायचे. पोरगं अंगात आल्यासारखं करतं, म्हणायचे. फौजेत राहिलेला माणूस, असायचाच कडक, असंही म्हणायचे. मग एका दुपारी गल्लीत टँकर आला. मागं घेताना त्याचा धाडकन आवाज झाला, पोरं ओरडत धावली. करुणा बादल्या घेऊन दारात. आणि राजकुमारनं आमूला उचललं, अंगणातल्या कोरड्या हौदात उतरला आणि वरून झाकण ओढून घेतलं. पोरीच्या तोंडावर त्यानं हात दाबून धरला होता, आवाज होऊ नये म्हणून. करुणानं झाकण काढलं तेव्हा आमूचे ओठ निळे पडले होते. ती सात वर्षांची होती.

आमू वाचली. राजकुमार हौदातून वर बघून करुणाला "खाली बस, खाली बस" म्हणत होता. त्याच संध्याकाळी तिनं पोरीला घेतलं आणि आईकडं आली. तिनं त्याचा राग केला नाही, पण परत त्या घरात पाऊल टाकायचं नाही हे त्या क्षणी ठरलं ते ठरलंच.

आणि अर्जात हौदाचं नावच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धा दिवस रजा टाकली आणि उस्मानपुऱ्यात व्यंकटराव वकिलांचं ऑफिस गाठलं. व्यंकटरावांचे पणजोबा निजामाच्या कचेरीत कारकून होते आणि लिहिण्याची ती खुमखुमी घराण्यात उतरली होती. माणूस वाईट नव्हता. गरिबाकडून फी हप्त्यानं घ्यायचा, कधी विसरायचाही.

"साहेब, तुम्ही पहिल्या दिवसापासून असं कामून लिहिलं? मी तसं बोलले नव्हते."

"अहो करुणाताई, तशीच पद्धत असते," व्यंकटराव म्हणाले. "सगळ्या अर्जांत ते वाक्य असतं. पहिल्या दिवसापासून त्रास असं नाही लिहिलं, तर न्यायाधीश विचारतात, आधी चांगला होता ना, मग मध्ये काय झालं?"

"मध्ये जे झालं तेच तर सांगायचं होतं मला. हौदाचं."

"हौदाचं लिहिलं की तो आजारी ठरतो. आजारी नवऱ्याला सोडायचं म्हणजे दुसरीच केस. डॉक्टर आणा, दाखले आणा, आजार कुठवर आहे ते सिद्ध करा, वर्षानुवर्षं घासत बसा. छळाची केस सोपी पडते. मी तुमच्या भल्यासाठीच केलं. आणि सही करताना तुम्ही वाचलं होतंत की."

वाचलं होतं. तेवढं खरं होतं. भर दुपारी, टँकरवाल्याचा फोन येत असताना, वाचून सही केली होती. तेव्हा तिला एवढंच वाटलं होतं की सुटका लवकर व्हावी.

तिनं मुंबईचं सांगितलं तसा व्यंकटरावांनी कपाळाला हात लावला. बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले. मग नीट समजावून सांगितलं, आणि ते समजावणं चांगलं होतं, त्याबद्दल त्यांना नाव ठेवता येणार नाही. मुंबईला करुणानं सांगितलं की घर चांगलं होतं, तर इथली छळाची केस त्याच दिवशी मेली. तिथं गप्प राहिली, तर राजकुमारची पेन्शन गेली. त्याच्या गोळ्या गेल्या, आमूच्या वाट्याला काही येणार असेल तेही गेलं.

"एकच वाट आहे," व्यंकटराव म्हणाले. "छळाचा अर्ज मागं घेऊ. चुकीचं लिहिलं गेलं म्हणून सांगू. न्यायाधीश झापतील, ते मी ऐकून घेईन. आणि दोघांच्या संमतीनं घटस्फोट मागू. पण त्याला त्याची सही लागते. तो देईल?"

"ते घटस्फोटाला तयार नायत."

"मग आधी त्याची सही घ्या, नंतर जबाब द्या. उलटं केलंत तर तुमच्या हातात काहीच उरणार नाही. अन् हेही ऐकून ठेवा. घटस्फोट झाला की तुमचं नाव सगळीकडून निघेल. त्याच्या माघारी मिळणारी पेन्शन नाही, फौजेचा दवाखाना नाही. मुलीचं राहील. मुलीसाठी दरमहा इतके देईन असं लिहून घेऊ, पण पेन्शनीवर हात टाकणं कोर्टालाही सोपं जात नाही. शेवटी त्याच्या मनावर."

घरी आल्यावर तिनं आईला, मुक्ताबाईला, सगळं सांगितलं. मुक्ताबाई ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलंसुद्धा नाही.

"सही केली ना? मग गप ऱ्हा. दारुडा म्हन्लीस तव्हा लोक तुझ्या बाजूनं बोलले. आजारी म्हन्लीस की तुलाच फाडून खातील. म्हन्तील, बिमार नवरा टाकून आली. मलाबी तोंड वर करून फिरता येणार नाय."

"पण ते दारू पीतच नव्हते, आई."

"मला ठाव नाय व्हय?" मुक्ताबाई म्हणाली. "लई गुणाचा जावई व्हता मपला. म्हनून तर सांगते, गप ऱ्हा. गुणाच्या माणसाला सोडलं, हे कुणाला समजून सांगशील?"

करुणाला त्या रात्री आईचा लई राग आला, कारण आई बोलली ते खरं होतं.

पुढच्या रविवारी ती छावणीत काकासाहेबांच्या खोलीवर गेली. बाजारामागं एका गोदामाच्या वर ती खोली होती, एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि पलीकडं पलटणीचा. काकासाहेबांनी आधी तिला बसूनच राहू दिलं. फौजी माणूस, अर्ज वाचून त्यांच्या मनात करुणाबद्दल अढी बसली होती, आणि ती लपवायची त्यांना गरजही वाटत नव्हती.

"आमच्या पोराला मारलंस तू, बाई," ते म्हणाले. "शत्रूनंबी एवढं केलं नसतं."

"मी चुकले," करुणा म्हणाली. "पण डॉक्टरांनी घरच्या भांडणाचं माझ्या अर्जाच्या आधीच लिहिलं होतं. ते त्यांना कुणी सांगितलं?"

काकासाहेबांनी कपाटातून राजकुमारची फाईल काढली आणि मधली चार पानं तिच्या पुढं सरकवली. रजेचे अर्ज होते. हिंदीत, राजकुमारच्या गोल गोल अक्षरात. पत्नी से झगडा हुआ है, घर टूटने की नौबत आयी है, कृपया छुट्टी मंजूर की जाए. चारही अर्जांत तेच. एकात तर लिहिलेलं होतं की बायको मुलीला घेऊन निघून जायची धमकी देते.

करुणानं ते वाचलं आणि तिचे कान तापले. दिवसभर शिव्या ऐकून जिचा आवाज चढत नाही, त्या बाईनं टेबलावर हात आपटला. "मी कव्हा भांडले? मी कव्हा धमकी दिली? ह्यांनी माझं नाव विकून रजा घेतली?"

"हळू बोल, खाली दुकानं हायेत," काकासाहेब म्हणाले, पण आता त्यांचाच आवाज पडला होता. "रजेला कारण लागतं, बाई. सगळेच लिहितात. कुणी आई बिमार लिहितं, कुणी शेताचा तंटा लिहितं. ह्याची आई तर आधीच गेलेली, शेत नाय. मग उरलं काय? बायको. झोप येत नाय, भ्या वाटतं, असं लिहून कुणी रजा मागत नाय. तसं लिहिलं की त्याला भित्रा म्हणतात. मीबी म्हणलो असतो त्या काळात."

त्या चार रजा करुणाला चांगल्या आठवत होत्या. न कळवता दारात यायचा. बॅग खाली ठेवायचा आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून दिवस दिवस झोपायचा. तिला वाटायचं, माझ्या ओढीनं आलाय. शेजारणींना तिनं तोऱ्यात सांगितलंही होतं. आता कळलं की तो झोपायला येत होता. बाहेर त्याला झोपच नव्हती. पण झोपायला जागा म्हणून त्याला तीच आठवली, आणि तिथं पोचायला त्यानं तिलाच कजाग ठरवलं. रागवावं की रडावं, तिला सुचेना. ती दोन्ही करत बसली.

तर असा हा घोळ. त्यानं रजेसाठी खोटं लिहिलं की आमचं पटत नाही. तिनं सुटकेसाठी खोट्यावर सही केली की आमचं कधीच पटलं नाही. दोन खोटी, दोन टोकांची, वेगवेगळ्या वर्षांतली. आणि दोघांचं कसं छान जुळलं बघा. सरकारी वकिलाला आणखी काय पाहिजे. खरं होतं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं, कारण सुखात असलेली माणसं अर्ज करत नाहीत.

"मी जबाब देते," करुणा डोळे पुसून म्हणाली. "पण त्यांनी माझ्या घटस्फोटावर सही करायची. दोन्ही एकाच दिवशी, याच टेबलावर."

"आधी जबाब," काकासाहेब म्हणाले.

व्यंकटराव म्हणत होते आधी सही. दोघा म्हाताऱ्यांची फोनवर हुज्जत झाली. शेवटी करुणानंच सांगितलं की मी आधी बोलते. व्यंकटरावांनी तिला पुन्हा पुन्हा बजावलं, की तो उठून गेला तर तुम्ही जन्मभर अडकाल. अर्जही नाही अन् सहीही नाही. तिला ते कळत होतं. पण खरं बोलायला आधी किंमत मागायची, हे तिला जमेना.

ठरल्या दिवशी व्यंकटराव घटस्फोटाचा मसुदा आणि जबाबासाठी कोरे कागद घेऊन आले. सर्जेराव राजकुमारला घेऊन आले. वर्षभरानं तिनं त्याला पाहिलं. दाढी गुळगुळीत, शर्टाला कडक इस्त्री, आणि त्या शर्टाच्या आत माणूस निम्मा उरलेला. त्यानं तिच्याकडं बघून मान हलवली आणि भिंतीला पाठ लावून बसला, दार दिसेल असा.

करुणा बोलायला लागली. व्यंकटराव लिहून घेत होते. सुरुवातीला ती अडखळली, मग तिला कुणी दिसेनासं झालं. तिनं सांगितलं की लग्नानंतर पहिल्या रजेत त्यानं तिच्या सगळ्या साड्यांना इस्त्री केली होती, वर्दीला करतात तशी, आणि त्या घड्या इतक्या कडक की साडी नेसताना उलगडेना. गल्लीतल्या बायका महिनाभर हसल्या. आमू पोटात असताना तिचा हात मोडला होता, तर वेणी घालायला तो शिकला. लष्करी वेणी, एक केस इकडचा तिकडं नाही. आमू झाल्यावर बाळाच्या टीचभर बुटांना तो रोज पॉलिश करायचा, पोरगी चालायला लागायच्या आधी बूट चकाचक.

"भांडण?" व्यंकटरावांनी विचारलं. "काहीतरी झालं असेल की."

"एकदा. मी त्यांची ट्रंक न विचारता आवरली होती. दुपारी रुसले आणि संध्याकाळी भेळ घेऊन आले."

"भेळ नव्हती," भिंतीकडून राजकुमार म्हणाला. "गुलमंडीतून इमरती आणली व्हती."

"व्हय. इमरती होती," करुणा म्हणाली. व्यंकटरावांनी भेळ खोडून इमरती लिहिलं. काकासाहेब खिडकीकडं तोंड करून उभे राहिले, आणि सर्जेराव उगाच टोपी झटकत होते.

मग तिनं नंतरचं सांगितलं. सीमेवरून आला तो माणूस झोपायचा आणि झोपेत ओरडायचा. गाडीच्या आवाजाला जमिनीवर पडायचा. तिनं हौदाचं सांगितलं. ते सांगताना तिनं राजकुमारकडं बघितलं नाही.

"मी तिला वाचवत व्हतो," राजकुमार म्हणाला.

"मला माहीत हाय," करुणा म्हणाली.

व्यंकटरावांनी सगळं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर राजकुमारच्या चेहऱ्यावर करुणाला कितीतरी वर्षांनी पहिलं हसू दिसलं. तिला त्याच्या आधी कळलं की तो काय बोलणार.

"एवढं सगळं तुला याद हाय," तो म्हणाला. "मग चल की घरी."

करुणानं मान हलवली, नाही.

राजकुमार पुढं आला. त्यानं जबाबाच्या कागदावर तळवा ठेवला. "मग हे नको," तो व्यंकटरावांना म्हणाला. "खोडा हे. भांडण झालं व्हतं आमचं. पहिल्या दिवसापासून झालं व्हतं. मी दारू पीत व्हतो, तिला मारत व्हतो. तसंच राहू द्या."

"अरे, पेन्शन जाईल तुझी," काकासाहेब म्हणाले.

"जाऊ द्या. भांडण मिटवता येतं. चार माणसं बसतात, माफी मागता येते. मी मागतो की माफी. पण ह्याच्यात तर माझी काही चूकच नाय. मग मी माफी कशाची मागू? आन् ती परत येणार कशी?"

करुणाला वाटलं, इथून उठावं आणि पळत सुटावं. हा माणूस तिला आवडत होता. आत्ता, या टेबलाशी, लग्नानंतरच्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त आवडत होता, आणि त्याच्या घरात तिची पोरगी ती एक तासही ठेवणार नव्हती. खोटं बोलणं किती सोपं असतं ते तिला तेव्हा कळलं. बघू, म्हणता आलं असतं. बरे व्हा, मग येते, म्हणता आलं असतं. सर्जेरावही तिच्याकडं तेवढ्याच आशेनं बघत होते.

तिनं त्याचा हात कागदावरून उचलला आणि दोन्ही हातांत धरला.

"आपलं भांडण नव्हतं," ती म्हणाली. "कव्हाच नव्हतं. तुम्ही आजारी हायेत. तिकडं ज्या ठिकाणी ठेवलं तुम्हाला, तिथं आजारी पडलेत. तुमची काही चूक नाय. आन् मी येणार नाय."

त्या घरात कुणी कधी त्याला तोंडावर आजारी म्हटलं नव्हतं. राजकुमार तिच्याकडं बघत राहिला. डोळे भरले, पण ओरडला नाही, काही फेकलं नाही. मग त्यानं हात सोडवून घेतला, खुर्ची ओढली, ताठ बसला आणि व्यंकटरावांना विचारलं, "कुठं करायची सही?"

तिनं जबाबावर केली. त्यानं घटस्फोटाच्या अर्जावर केली, प्रत्येक पानावर, गोल गोल अक्षरात. सर्जेराव बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. व्यंकटराव कागद गोळा करायला लागले, आणि मुलीच्या रकमेचं कलम पुन्हा वाचायला लागले, तर राजकुमारनं त्यांना थांबवलं. "तिचं तिला मिळंल," तो म्हणाला, आणि करुणाकडं वळला.

"रविवारी आमूला आणशील?"

"आणीन. पण मी तिथंच बसून राहणार. तुमच्या दोघांत."

"बस की," राजकुमार म्हणाला. "मलाबी तिच्यासंगं एकट्याला भ्या वाटतं."